कोठीवरच्या कौसल्याबाई

मृत्यूपुढे सर्व माणसं समान असतात, असं अध्यक्षसाहेब तुमच्या शोकसभेत म्हणाले. बाई, हे वाक्य त्यांनी हातांच्या खुर्चीत बसून म्हटलं. संचालक बिनहातांच्या खुर्च्यांवर होते, आम्ही कर्मचारी सतरंजीवर आणि आंधळगावहून आलेले विणकर दाराबाहेर, चपलांजवळ. कोणी कुठे बसायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही. दोन मिनिटांची शांतता अध्यक्षांनी अंदाजानंच संपवली, कारण त्यांच्या देखत घड्याळाकडे पाहायचा अधिकार त्या खोलीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

मग त्यांनी तुमचा गौरव केला. बाई साध्या होत्या, विनम्र होत्या, कधी कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. मला खोकला आला. शेजारी मॅनेजरसाहेब बसले होते, त्यांनाही आला. सतराशे साठ कारणांसाठी तुम्ही आम्हा दोघांना जितक्या वेळा नाही म्हणाला असाल, तितक्या वेळा आमच्या बायकाही म्हणाल्या नसतील.

हा लेख संस्थेच्या वार्षिक अंकासाठी मागितलाय. जन्म, शिक्षण, सेवाकाल हे सगळं मॅनेजरसाहेब चौकटीत टाकणार आहेत. मला म्हणाले, "तुम्ही आपलं भावनेचं लिहा." भावना हा विभाग माझ्याकडे कधी आला कळलं नाही. मी पत्रव्यवहार पाहतो. तेव्हा तुम्हालाच पत्र लिहितो.

तुम्ही संस्थेत आलात तेव्हा सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. तुमचे यजमान इथे कापड तपासायचे. ते गेल्यावर दया म्हणून तुम्हाला सुताच्या गोदामावर घेतलं. आपली संस्था विणकरांना सूत आणि कोशाचं रेशीम देते, त्यांनी विणलेलं कापड घेते आणि विकते. म्हणजे गोदाम हेच तिचं पोट. तोवर त्या पोटात कुणीही हात घालायचा. संचालकांच्या घरी पतंग उडाला तरी मांजासाठी लडी आपल्याच गोदामातून जायची. तुम्ही किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलात आणि ती दया महिन्याभरात सगळ्यांना महाग पडू लागली.

तुमचं खरं नाव मात्र कोठीवर झालं. लग्नघरात एक खोली असते, तिच्यात साखर, तूप, डाळ, बेसन, तेलाचे डबे. तिला आपल्याकडे कोठी म्हणतात आणि तिच्या दारात एक खमकं माणूस बसवतात. भंडाऱ्यापासून मोहाडीपर्यंत विणकरांच्या घरी लग्न ठरलं की आधी तारखेसाठी ब्राह्मणाकडे जात आणि लगेच कोठीसाठी तुमच्याकडे येत. काही जण तुमची सवड पाहूनच ब्राह्मणाकडे जात.

माझ्या सुनंदाच्या लग्नातही कोठीवर तुम्हीच होता. वरपक्षाच्या मामांनी तिसऱ्यांदा सरबत मागितलं. मी मुलीचा बाप, म्हणजे त्या दिवशी मांडवातला सर्वांत वाकलेला माणूस. धावत तुमच्याकडे आलो.

"बाई, दोन किलो साखर द्या."

"कोणं सांगितलं?"

"मी सांगतोय."

"तुम्ही कोण?"

"अहो बाई, मी नवरीचा बाप आहे!"

"ते दिसूनच राहिलं. पण नवरीच्या बापाले साखर कायले पाहिजे? साखर आचाऱ्याले लागते. आचाऱ्याले पाठवा."

आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, सरबत बंद करा, नाहीतर बुंदीला साखर पुरणार नाही. मामांना पाणी दिलं. मामा ते प्यायले आणि जगले. मी त्या दिवशी तुमच्यावर इतका चिडलो होतो, की मुलगी सासरी निघाली तेव्हा माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी नक्की कशाचं होतं हे मला आजही सांगता यायचं नाही. सगळ्या पंगती उठल्यावर तुम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून जेवलात. मीच वाढलं. एक घास घेऊन म्हणालात, "बुंदी अगोड झाली, भाऊ." साखर तुमच्या ताब्यात होती, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं आणि संस्थेत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली झाली. संस्थेत थंड हवा मिळवणारा तो पहिला कर्मचारी. मॅनेजरसाहेबांनी त्याला हळदकुंकू लावलं, ते बटणांच्या फटीत गेलं आणि क हे अक्षर महिनाभर दाबलं जाईना. ती यंत्रणा शिकायला कुणाला तरी नागपूरला पाठवायचं होतं. मॅनेजरसाहेबांना आपल्यापेक्षा लहान माणसाकडून शिकायचं नव्हतं. हिशेबनिसांना डोळ्यांची काळजी होती. मला कुणी विचारलं नाही. शेवटी ज्याच्याकडे गोदामाच्या किल्ल्या त्यालाच पाठवा असं ठरलं, कारण मशीनच्या खोलीला कुलूप होतं आणि त्याची किल्लीही तुमच्याच जुडग्यात होती.

पंधरवड्यानं तुम्ही परत आलात. मी विचारलं, काय शिकवलं?

"काही नाही जी. कोठीच आहे ते."

मग तुम्ही चहावर समजावून सांगितलंत. ते मला कुठल्याही पुस्तकात इतकं स्वच्छ सापडलेलं नाही, आणि मी पुस्तकं बरीच वाचतो, हे तुमचं माझ्याविरुद्धचं कायमचं तक्रारीचं कारण होतं. संस्थेची सगळी माहिती तक्त्यांमध्ये मांडलेली. विणकरांचा एक तक्ता, मालाचा एक, आणि सुताच्या वाटपाचा एक. त्यांच्यात धागे जोडलेले, विणकराचा क्रमांक इकडे तोच तिकडे. प्रत्येक तक्त्याशी माणूस चारच गोष्टी करू शकतो: पाहणं, भरणं, बदलणं, पुसणं. यातलं काय कुणाला द्यायचं ते एकेकाचं नाव घेऊन मशीनला सांगायचं. दिलं तर ग्रँट, काढून घेतलं तर रिव्होक. आणि सांगितलं नाही तर कुणालाच काही नाही.

"हेच आवडलं मले," तुम्ही म्हणालात. "सुरुवातीले सगळ्यायचेच हात रिकामे. हेच मी मॅनेजरसायबाले इतक्या वर्षांपासून सांगून राहिली, त्यायले पटते काय?"

तुम्ही वाटून दिलेले अधिकार म्हणजे एक नमुना होता. गोदामातल्या माणसाला 'माल दिला' हा एकच रकाना बदलता यायचा, विणकराच्या नावाला हात लावता यायचा नाही. हिशेबनिसांना पाहणं आणि आपल्या तक्त्यात भरणं. पुसणं कुणालाच नाही. मॅनेजरसाहेबांना सगळं पाहता येत होतं, बदलता काहीच येत नव्हतं. ते दुखावले. तुमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, ते दृश्य मी पत्राआडून पाहिलं.

"बाई, मी मॅनेजर असून फक्त पाहायचं?"

"साहेब, आतापर्यंत तरी तुम्ही काय करून राहिले होते?"

हा अपमान नव्हता, माहिती होती. पण कार्यालयात दोहोंत फरक करत नाहीत. आठ दिवस सगळ्या संस्थेत रुसवेफुगवे. एखाद्या लग्नात कुणाला टोपी मिळाली, कुणाला नुसता टॉवेल, तसा मानपान निघाला. ज्याला मशीनची भीती वाटायची तोही विचारायचा, "मले पुसाचा अधिकार काहून नाही?" काय पुसायचंय असं विचारलं तर म्हणायचा, "पुसाचं नाही जी काही. पण असावा."

इथपर्यंत तुम्ही बिनचूक होता. मग अध्यक्षांची पाळी आली आणि तुमची चूक झाली. ती मशीनची चूक नव्हती, तुम्हाला शिकवणाऱ्या नागपूरच्या सरांचीही नव्हती. ती आपल्या मुलखाची चूक होती.

आपल्याकडे आवतनाचे प्रकार असतात. घरटी एक माणूस म्हणजे एकानं जेवायला यावं. चूलबंद म्हणजे घरातली चूलच पेटवू नका, लहानथोर सगळे या. आणि फार मोठ्या माणसाला चूलबंद सांगून वर म्हणायचं असतं, "तुमचे कोणी पाहुणे असले तर त्यायलेही घेऊन या जी." हे नुसतं म्हणायचं असतं. ऐकणाराही नुसतं ऐकतो. नागपूरच्या सरांनी शिकवलेल्या त्या यंत्रणेत तिसरा प्रकारही होता: एखाद्याला अधिकार देताना तो पुढे दुसऱ्यांना वाटायची मुभाही देता यायची. तुम्ही अध्यक्षांना वाटपाच्या तक्त्याचं चूलबंद दिलंत. वर ते पाहुण्यांचंही दिलंत.

मी म्हटलं, "बाई, त्यांना कशाला? त्यांना मशीन सुरूही करता येत नाही."

"म्हणूनच तं देलं. मानाच्या माणसाले घरटी एक सांगू काय? बरं दिसते काय ते?"

"ते पुढे वाटतील."

"काय वाटते जी! म्हणासाठी असते ते."

माणसांत ते म्हणण्यासाठीच असतं. मशीननं ते खरं मानलं.

अध्यक्षांना मशीन सुरू करता येत नव्हतं, पण त्यांच्या मेहुण्याला येत होतं. टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेला आणि कामाच्या शोधात नसलेला तो तरुण साकोलीहून आला आणि अध्यक्षांच्या नावानं मशीनपुढे बसू लागला. पहिल्यांदा त्यानं स्वतःला अधिकार दिले. मग अध्यक्षांच्या घरी गाऱ्हाणं घेऊन जो जाईल तो वाटपाचा तक्ता बदलायचा अधिकार घेऊन परत येऊ लागला. मॅनेजरसाहेब गेले, आले. दोन संचालक गेले, आले. एक जण तर नुसता अध्यक्षांच्या नातवाच्या बारशाला गेला होता, त्यालाही दिला. अध्यक्षांना फार हलकं वाटायचं. इतकी वर्षं लोकांना द्यायला त्यांच्याकडे आश्वासनंच होती. आता खरंच काहीतरी देता येत होतं, आणि ते कितीही दिलं तरी संपत नव्हतं.

त्याच सुमारास संस्थेची निवडणूक आली. आंधळगावचे विणकर दुसऱ्या पॅनेलकडे होते आणि ते लपवतही नव्हते. लग्नसराई तोंडावर होती. कोशाच्या साड्यांची मागणी वर्षात असते ती त्याच दिवसांत. मागावर ताणा चढवून गावच्या गाव सुताची वाट पाहत होतं. अशा दिवशी धनराज आंधळगावहून सकाळच्या एसटीनं आला आणि तुमच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. विणकरांच्या तीन पिढ्यांत एकही माणूस त्याच्याइतका बारीक आणि त्याच्याइतका मोठ्यानं बोलणारा झाला नसेल.

"बाई, मले एक सांगा. मी चालू आहो का बंद आहो?"

"म्हणजे?"

"गोदामातला माणूस म्हणते, मशीनमंधी तुम्ही बंद आहा. सूत भेटत नाही. माहा माग तं चालू आहे जी. बायको चालू आहे, पोरं चालू आहेत, मीच एकटा बंद कसा झालो?"

तुम्ही पाहिलंत. तो एकटा नव्हता. वाटपाच्या तक्त्यात आंधळगावच्या सगळ्या विणकरांपुढे 'बंद' होतं. तुम्ही सगळ्यांना चालू केलंत. दुपारी जेवून आलात तर सगळे पुन्हा बंद. तुम्ही पुन्हा चालू केलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. ते पाच-सहा दिवस आंधळगाव आपल्या विजेसारखं होतं, सकाळी यायचं, दुपारी जायचं. धनराज रोज यायचा. गोदामाचं काम दुपारी सुरू व्हायचं, म्हणजे बरोबर बंदच्या वेळी.

"बाई, सकाळी सूत देत जा ना जी," तो म्हणाला. "सकाळी आम्ही जिवंत असतो."

ते वाक्य ऐकून मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. नंतर चहाच्या टपरीवर तुम्ही म्हणालात, "भाऊ, दोन हप्ते सूत नाही भेटलं तं त्यायची सराई गेली. सराई गेली का वर्ष गेलं. आणि ते दार मी उघडं ठेवलं." तुम्ही तुमच्या आयुष्यात चूक झाल्याचं कबूल केलेला, माझ्या माहितीतला, हा एकमेव प्रसंग. चहा निवून गेला होता, तुम्ही तो तसाच प्यायलात.

मी सुचवलं, मेहुण्याचा अधिकार काढून टाका.

"त्याचा मी देलाच नाही. त्याले अध्यक्षानं देला. मी एक वाट बंद करीन, ते दुसऱ्याच्या हातून करतीन. मुळावर घाव पाहिजे. अध्यक्षाचं काढलं का त्यायनं ज्याले-ज्याले देलं त्या सगळ्यायचं आपोआप जाते. सरायनं शिकवलं तसं."

"मग काढा की."

"देलेलं आवतन वापस घेते काय कोणी?"

इथे आपलं भांडण झालं, आणि ते जोरात झालं, कारण टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला. मी म्हणालो, संस्था म्हणजे लग्नघर नाही, नियम म्हणजे नियम, अध्यक्ष असले म्हणून काय झालं. माझं म्हणणं तर्काला धरून होतं. फक्त नोकरी तुमची जाणार होती. त्याच अध्यक्षांनी दया म्हणून दिलेली नोकरी, हे ते प्रत्येक सभेत सांगत आले होते. पदावरून नव्हे, नोकरीवरूनच काढतील, हे तुम्हाला माहीत होतं, आणि मला नियम माहीत होते.

"तुम्हाले नाही समजणार, भाऊ," तुम्ही म्हणालात. "तुम्ही लई वाचता. मानाच्या माणसाले कोठीतून काढाचं असलं तं त्याले हाकलत नाहीत. त्याले पाटावर बसवतात."

दोन दिवस तुम्ही थंड खोलीत बसून काहीतरी करत होता. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांना निरोप गेला की त्यांच्यासाठी खास सोय झाली आहे. ते आले. मेहुणा, मॅनेजरसाहेब आणि मी मागे उभे. तुम्ही अध्यक्षांना खुर्चीवर बसवलंत आणि एक बटण दाबायला सांगितलंत. पडद्यावर उजळ अक्षरांत आलं: माननीय अध्यक्षसाहेबांचे सहर्ष स्वागत असो. भोवती फुल्यांची वेलबुट्टी. खाली सगळ्या तालुक्यांचं वाटप, गावनिहाय, बेरजेसह, मोठ्या अक्षरांत, चष्मा न लावता वाचता येईल असं. तक्त्याकडे पाहायची ती नुसती एक खिडकी होती. आत सगळं दिसत होतं, हात पोचत नव्हता. नागपूरचे सर तिला व्ह्यू म्हणायचे. तुम्ही तिला पाट म्हणायचा.

"हे फक्त मलाच दिसतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"फक्त तुम्हालेच जी. दुसऱ्या कोणालेच नाही."

हे अक्षरशः खरं होतं. त्याच सकाळी तुम्ही एक ओळ टाइप करून अध्यक्षांचे वाटपाच्या तक्त्यावरचे सगळे अधिकार काढून घेतले होते, आणि त्या ओळीसरशी मेहुण्याचे, दोन संचालकांचे, बारशाच्या पाहुण्याचे आणि अध्यक्षांच्या हातून आलेले मॅनेजरसाहेबांचेही गेले होते. मॅनेजरसाहेबांकडे तुम्ही स्वतः दिलेलं पाहणं तेवढं उरलं. बारशाच्या पाहुण्याला तर आपला अधिकार गेल्याचं अजूनही माहीत नाही. काही विचारलं तर तो अजून त्याच तोऱ्यात बोलतो.

दुपारी मेहुणा सवयीनं आंधळगाव बंद करायला बसला. मशीननं त्याला सांगितलं, अधिकार नाही. तो तणतणत अध्यक्षांकडे गेला. माझ्यासमोर गेला म्हणून सांगतो.

"भावोजी, माझं बंद करून टाकलं त्या बाईनं! तक्ता उघडतच नाही!"

अध्यक्ष आपल्या खिडकीत रमले होते. एका पाहुण्याला वेलबुट्टी दाखवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझं कसं उघडंल? हे फक्त अध्यक्षांसाठी असते."

त्या एका वाक्यानं त्यांनी तुमच्या ओळीवर शिक्कामोर्तब केलं. ज्या संचालकांनी तक्रार केली त्यांनाही हेच उत्तर मिळालं. आपल्याला इतरांपेक्षा जास्त मिळालं आहे एवढं कळलं, की आपल्याला नक्की काय मिळालं आहे हे माणूस पाहत नाही. मी हे जाड पुस्तकांत वाचलं होतं. तुम्ही पहिल्या पंगतीला वाढताना पाहिलं होतं.

आंधळगावचं सूत गेलं. आठवड्यानं धनराज आला. मला वाटलं आभार मानायला.

"बाई, सूत भेटलं. पण लई तुटते जी. कोणतं सूत देलं हे?"

तुम्ही उठून गोदामात गेलात आणि गाठोडं बदलून दिलंत. तुम्ही खूश होता. निवडणुकीत आंधळगावनं अध्यक्षांना मतं दिली नाहीत आणि अध्यक्ष तरीही निवडून आले, म्हणजे सगळा उपद्व्याप फुकट होता. पण तो कुणाचा फुकट गेला याचा हिशेब मला नेहमी तुमच्या बाजूनं लागला.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. मी म्हणायचो, बाई, सगळ्यांचे हात तुम्ही बांधलेत, तुमचे कुणी बांधले? या मशीनमध्ये हवं ते करू शकणारं एकच माणूस आहे आणि ते तुम्ही आहात. हे बरोबर नाही. तुम्ही म्हणायचा, "कोठीवाली शेवटी जेवते, भाऊ." मी म्हणायचो, हे उत्तर नाही, हा सद्गुण आहे. संस्था सद्गुणावर चालवायची नसते, सद्गुणी माणूस मरतो. तुम्ही म्हणायचा, "मरन तवा पाहू." दिवाळीनंतर यावर नीट बोलू असं ठरलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तुम्ही मला सगळं समजावून सांगणार होता. तुम्हाला साधा ताप आला आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. इतक्या वर्षांत तुम्ही न कळवता काढलेली ही पहिली सुटी.

मला तुम्हाला काय सांगायचं राहिलं? तुम्ही नाही म्हणालात की मला बरं वाटायचं, हे. संस्थेत हो म्हणणारी माणसं पुष्कळ होती. त्यांच्या 'हो'चं काय करायचं हे कुणालाच कळत नसे. तुमचं नाही घेऊन माणूस आचाऱ्याकडे जाऊ शकायचा. शोकसभेत हे बोलावंसं वाटलं होतं. पण वक्त्यांची नावं आधी ठरली होती आणि त्यांत पत्रव्यवहार विभाग नव्हता.

आता खरी बातमी. सभा संपल्यावर दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष म्हणाले, बाईंचे अधिकार आता माझ्याकडे द्या. मेहुणा बोटं मोडत उभा होता. नागपूरच्या सरांना बोलावलं. सर तुमच्या फोटोला नमस्कार करून मशीनपुढे बसले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, यांनी सगळे तक्ते स्वतःच्या नावावर तयार केले आहेत. ज्यानं तक्ता केला तो त्याचा मालक. बाईंचं नाव काढलं तर तक्ते पण जातात. विणकर, माल, वाटप, सगळं.

"मग?" अध्यक्षांनी विचारलं.

एकच वाट आहे, सर म्हणाले. परवलीचा शब्द मी बदलून देतो. मग कुणीतरी बाईंच्या नावानं बसायचं. फक्त पडद्यावर, मंजुरीवर, छापील पावतीवर, सगळीकडे नाव 'कौसल्या' येईल.

अध्यक्षांनी खिशाचं पेन काढलं आणि परत लावलं.

"म्हणजे मी सही कौसल्या म्हणून करू?" अध्यक्ष म्हणाले.

मेहुणा लगेच म्हणाला, मी बसतो. त्यावर एक संचालक म्हणाले, तुम्ही का? मी बसतो. दुसरे म्हणाले, मग मी का नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, सेवाज्येष्ठतेनुसार कौसल्या मी व्हायला पाहिजे. विषय संचालक मंडळापुढे ठेवला. मंडळात तावातावानं चर्चा झाली. कौसल्या कोणी व्हायचं यावर एकमत न झाल्यानं ठराव तहकूब झाला. पुढच्या सभेला कोरम झाला नाही, कारण दोन्ही गट रुसून आले नाहीत.

तोवर तक्ते तुमच्याच नावावर आहेत, आणि तुम्ही वाटून दिलेल्या अधिकारांप्रमाणेच सगळं चाललं आहे. सोमवारी आंधळगावचं सूत गेलं. पावतीवर मशीननं तक्त्याच्या मालकाचं नाव छापलं, मंजुरी: कौसल्या. धनराजनं पावती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि या वेळी सुताबद्दल काही बोलला नाही.

हे सगळं कागदावर कसं बसवायचं हा प्रश्न मॅनेजरसाहेबांना पडला होता. मंजुरी देणारा कर्मचारी हजेरीपटावर असायला हवा, असा हिशेब तपासनिसांचा आग्रह आहे. म्हणून मॅनेजरसाहेबांनी तुमचं नाव कमी केलेलं नाही. तुमच्यापुढे 'रजा' लिहिलं आहे. बिनपगारी.